घरी शिडाची होडी बांधताय? माल नेण्याआधी हे वाचा

पुण्याला समुद्र नसला तरी खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना ही धरणं हाताशी आहेत. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. त्यामुळे आमच्याकडे कुणी होडीसाठी प्लाय मागायला आलं की आम्हाला आनंदच होतो. फक्त टेम्पो भरण्याआधी हे पत्रक वाचा, एवढी विनंती. होडीचं प्लाय आणि किचन ट्रॉलीचं प्लाय यांत फरक असतो, आणि तो पाण्यात उतरल्यावर कळून उपयोग नाही.

सुतारकाम यायला हवं का?

फारसं नाही. आखलेल्या रेषेवर जिगसॉ चालवता आली आणि घाई केली नाही, तर पहिली होडी होते. यासाठी टाके घालून चिकटवण्याची पद्धत वापरा. आराखड्याप्रमाणे प्लायचे तुकडे कापायचे, कडांना बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना टाचायचे. तार पिळत गेलं की सपाट तुकड्यांना बाक येतो आणि होडीचा आकार उभा राहतो. मग आतून सांध्यात घट्ट इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा चिकटा) भरायचं, त्यावर काचकापडाची, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाची, पट्टी बसवायची, तारा काढायच्या आणि बाहेरूनही पट्टी लावायची.

लाकूड शिवून जहाज बांधणं आपल्याला नवं नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालं. तिथे शिवण कायमची असते. आपल्या होडीत टाके इपॉक्सी वाळेपर्यंतच. पुढे सगळा भार सांधा घेतो, म्हणून काटकसर करायचीच तर ती सांध्यात नको.

ही पद्धत घराघरांत नेली ती इंग्लंडमधल्या ‘मिरर’ होडीने. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती हौशी लोकांसाठी आखली, आणि आजवर ७०,००० हून अधिक झाल्या. लांबी ३.३ मीटर, दोघांपुरती. डोलकाठी आणि शिडाचे दांडे होडीतच मावतात, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना विशेष सोयीचं. मुलांसाठी बांधायची असेल तर १९४७ ची ‘ऑप्टिमिस्ट’ आणखी लहान, जेमतेम पावणेआठ फुटांची. पहिल्याच खेपेला ‘मिरर’हून मोठी होडी घेऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. आणि मनाने आकार काढू नका, आराखडा विकत घ्या.

प्लाय

आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलंच मरीन प्लाय घ्या. त्याचा चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आयएस ३०३ चं प्लाय फर्निचरला चांगलं, होडीला नको. शिक्क्यावरही थांबू नका, शीटची कड बघा. आतल्या थरांत पोकळी दिसली तर ती शीट परत ठेवा, आम्ही दुसरी काढून देऊ. शंका असेल तर तुकडा घरी नेऊन काही तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर निकाल लागला.

परदेशी आराखडे बहुधा ओकुमे या आफ्रिकी लाकडाच्या हलक्या प्लायवर बेतलेले असतात. आपल्याकडचं गर्जन लाकडाचं प्लाय जड. ६ मिमीची ८ बाय ४ ची शीट साधारण १२-१३ किलो भरते. होडी थोडी जड होणार हे धरून चाला, पण ‘मजबुतीसाठी’ ९ मिमी घालू नका. आठ फुटांहून लांब तुकड्यासाठी दोन शीटच्या कडा तिरक्या तासून जोडतात; हा तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब ठेवतात, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी. डोलकाठीला सरळ रेषांचं, गाठी नसलेलं लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः निवडा. सागवान वापरलंत तर चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा, कारण त्याचं तेल चिकटू देत नाही.

इपॉक्सी

बहुतेक होड्या इथेच बिघडतात. रेझिन आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, तेच मोजून घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर सांधा कायमचा कच्चा राहतो. सांध्यात भरायचं मिश्रण लाकडाचं बारीक पीठ घालून चक्क्याइतकं घट्ट करा; ओघळलं तर पीठ कमी पडलं. पांढरा गोंद आणि पॉलिएस्टर रेझिन या सांध्याला चालत नाहीत. कापडही विणलेलंच घ्या, कारण बाजारातली सुट्या धाग्यांची मॅट पॉलिएस्टरसाठी बनवलेली असते.

पुण्याच्या हवेचं गणित सांभाळा. एप्रिल-मेमध्ये कपातलं मिश्रण बघता बघता तापतं, धूर येऊन घट्ट होतं, म्हणून थोडंच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारू नका, पुढचा थर देऊ नका. कोरड्या लाकडावर पहिला हात संध्याकाळी द्या. सकाळी ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगते आणि फुगे धरतात. दसऱ्यानंतर सुरू करून होळीपर्यंत चिकटकाम उरकलेलं बरं.

नायट्राइलचे हातमोजे आणि घासताना मास्क यांना पर्याय नाही. हाताला लागलेलं थिनरने धुऊ नका, ते कातडीत मुरतं. एकदा अ‍ॅलर्जी झाली की आयुष्यभर इपॉक्सीला हात लावता येत नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे वरून रंग किंवा यूव्ही वार्निश हवंच.

जागा आणि पाणी

मिररची रुंदी साडेचार फुटांच्या वर आहे. खोलीत बांधणार असाल तर होडी आडवी करून दारातून, जिन्यावरून निघते का, हे आधी पुठ्ठ्याने तपासा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधायची असेल तर धुळीबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोला.

होडी उलटली तरी तरंगली पाहिजे. आराखड्यातले हवाबंद कप्पे जागा वाचवायला म्हणून वगळू नका. धरणात उतरण्याआधी परवानगीची चौकशी करा. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, त्यामुळे शेवाळ धरू नये म्हणून तळाला लावतात तो विषारी रंग नको. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येत असलं तरी. पहिल्याच दिवशी काठाजवळ होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करून बघा.

दुकानात येताना आराखडा आणा. कोणता तुकडा कोणत्या शीटमधून निघेल हे आम्ही कागदावर मांडून देतो. इपॉक्सी एकदम सगळं नेऊ नका. आधी सांध्यांपुरतं न्या, उरलेलं लागेल तसं.