इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरी (ईव्हीएल), शिकागो

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेतली संगणकचित्रण आणि वैज्ञानिक दृश्यीकरणाची प्रयोगशाळा. स्थापना १९७३. संस्थापक टॉम डीफँटी आणि डॅन सँडिन. आरंभीचे नाव ‘सर्कल ग्राफिक्स हॅबिटॅट’. विद्यापीठाचा हा परिसर तेव्हा ‘शिकागो सर्कल’ म्हणून ओळखला जाई, त्यावरून ते पडले. प्रचंड आकडेवारीला डोळ्यांनी वाचता येईल असे रूप देणे हे प्रयोगशाळेचे मुख्य काम. मात्र असे काम करणाऱ्या इतर संस्थांपेक्षा तिची घडण वेगळी आहे. इथले कलावंत शास्त्रज्ञांच्या आलेखांत रंग भरायला बोलावलेले पाहुणे कधीच नव्हते. यंत्र कसे बांधायचे, त्याला कोणती बटणे हवीत, हे ठरवण्यापासूनच त्यांचा कामात हात होता. कलावंत आणि संगणकतज्ज्ञ यांनी मिळून प्रयोगशाळा चालवावी, हे सूत्र आजच्या विद्यापीठांत सर्रास ऐकू येते. १९७३ साली ते विक्षिप्तपणाचेच वाटले असणार.

सँडिन मूळचे भौतिकशास्त्राचे. १९६९ पासून ते कला विभागात शिकवू लागले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी ‘सँडिन इमेज प्रोसेसर’ हे यंत्र बांधले. हा संगणक नव्हे. टीव्ही कॅमेऱ्यातून येणारे चित्र हा मुळात वरखाली होणारा विद्युतदाब असतो; उजेड जास्त असेल तिथे दाब जास्त, काळोखात कमी. या दाबावर थेट प्रक्रिया करणाऱ्या लहान लहान पेट्यांची मांडणी म्हणजे हे यंत्र. एक पेटी दोन चित्रांची बेरीज करी, दुसरी चित्र उलटे करून त्याचे निगेटिव्ह देई, तिसरी ठरावीक उजेडाच्या वरचा भाग तेवढा वेगळा काढी, आणखी एक काळ्यापांढऱ्या छटांना रंग देई. पेट्या वायरींनी हव्या त्या क्रमाने जोडायच्या, खुंट्या फिरवायच्या आणि पडद्यावर बदल त्याच क्षणी बघायचा. संगीतातल्या मूग सिंथेसायझरची ही चित्रातली भावंडच होती. त्या काळी संगणकावर चित्र काढायचे तर भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन वाट पाहत बसावे लागे. इथे हात आणि डोळा यांच्यात वेळच जात नव्हता, आणि हा आग्रह ईव्हीएलच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. सँडिन यांनी यंत्राचे पेटंट घेऊन ते विकण्याऐवजी त्याचे आराखडे कोणालाही देऊ केले. शिकागोतील आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत व्हिडिओचे शिक्षण सुरू करणारे फिल मॉर्टन यांनी पहिली प्रत बांधली आणि बांधता बांधता सगळी कृती कागदावर उतरवली. हे कागद झेरॉक्स होऊन फिरत राहिले आणि कलावंत हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन स्वतःचे यंत्र जोडू लागले. खुल्या सॉफ्टवेअरची चळवळ नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

डीफँटी ओहायो स्टेट विद्यापीठातून चार्ल्स सूरी यांच्या हाताखाली पीएच.डी. करून आले. येताना त्यांनी ‘ग्रास’ ही स्वतःची भाषा आणली. प्रोग्रॅमिंगचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही रेषाचित्रे हलवता-फिरवता यावीत, यासाठी ती रचलेली होती. ती पीडीपी-११ या संगणकावर चाले आणि व्हेक्टर जनरल कंपनीच्या पडद्यावर रेषा उमटवी. चित्रांत रंग नव्हता, भरीव पृष्ठभाग नव्हता. मग दोघांनी एक जुगाड केला: त्या पडद्यासमोर टीव्ही कॅमेरा लावला आणि त्याची वायर सँडिन यांच्या यंत्रात घातली. संगणकाने आकार हलवायचे, इमेज प्रोसेसरने त्यांना रंग चढवायचे. या जोडणीवर १९७५ पासून ‘इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन इव्हेंट’ या नावाने प्रेक्षकांसमोर जिवंत प्रयोग झाले. त्यांत संगीतकार वाजवत आणि चित्रकार खुंट्या फिरवत. प्रयोगशाळेचे आजचे नाव याच शब्दांत आहे.

ग्रासने केलेले सर्वाधिक पाहिले गेलेले काम मात्र विज्ञानातले नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात हल्ल्यापूर्वी वैमानिकांना शत्रूच्या ‘डेथ स्टार’ची योजना पडद्यावर समजावून सांगतात; त्यातले खंदकातून पुढे सरकणारे रेषाचित्र लॅरी क्युबा या कलावंताने याच प्रयोगशाळेत केले. चित्र डोळ्यांदेखत हलावे म्हणून बनवलेली यंत्रणा इतक्या रेषांपुढे धापा टाकू लागली. शेवटी एकेक चौकट पडद्यावर काढायची, कॅमेऱ्याने टिपायची आणि पुढची चौकट मागायची, असे संथ काम करावे लागले. १९७७ मध्येच सँडिन आणि डीफँटी यांनी रिच सेयर यांच्या कल्पनेवरून एक हातमोजा केला. त्यात बोटांच्या बाजूने लवचीक नळ्या, नळीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा घटक. बोट वाकले की उजेड कमी पोहोचे आणि त्यावरून बोट किती वाकले ते कळे. आभासी वास्तवाच्या, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या जगात असल्याचा भास देणाऱ्या तंत्राच्या, इतिहासात ‘सेयर ग्लोव्ह’चा उल्लेख हमखास येतो.

वैज्ञानिक दृश्यीकरण ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली ती एका अहवालामुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानासाठी तयार झालेला हा अहवाल ब्रूस मॅककॉर्मिक, टॉम डीफँटी आणि ईव्हीएलच्याच मॅक्सिन ब्राउन यांनी संपादित केला आणि तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला युक्तिवाद साधा होता. महासंगणक, उपग्रह आणि वैद्यकीय यंत्रे आकड्यांचा इतका लोंढा सोडत आहेत की छापील तक्ते वाचून त्याचा पत्ता लागणार नाही. म्हणून संगणकाच्या वेगावर जसा पैसा खर्च होतो तसा तो चित्रणावरही व्हावा; शिवाय आकडेमोड चालू असतानाच शास्त्रज्ञाला चित्र बघून तिची दिशा बदलता यावी. अशा अहवालांचे नशीब बहुधा कपाटात बंद होते. हा अपवाद ठरला.

१९९२ मध्ये शिकागोत भरलेल्या सिग्राफ या संगणकचित्रण परिषदेत ईव्हीएलने ‘केव्ह’ ही आभासी वास्तवाची खोली मांडली. तिच्या निर्मितीत सँडिन आणि डीफँटी यांच्याबरोबर व्हेनेझुएलाहून शिकायला आलेल्या कॅरोलिना क्रूझ-नेरा या संशोधक विद्यार्थिनीचा मोठा वाटा होता. केव्ह म्हणजे सुमारे दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी खोली. तीन भिंती म्हणजे पडदेच. त्यांच्यावर मागच्या बाजूने प्रोजेक्टर चित्र टाकत आणि जमिनीवर ते वरून येई. डोळ्यांवर चढवलेल्या चष्म्याच्या काचा आळीपाळीने, जाणवणारही नाही इतक्या वेगाने बंद-उघड होत आणि प्रत्येक डोळ्याला त्याचे वेगळे चित्र मिळे. डोके कुठे आहे हे विद्युतचुंबकीय संवेदक सांगे. पण साध्या लोखंडी सांगाड्याने त्याचे वाचन बिघडते, म्हणून सांगाडा चुंबकाला दाद न देणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा केलेला होता.

आभासी वास्तव दाखवणारी, डोळ्यांसमोरच पडदे असलेली, डोक्यावर चढवायची टोपडी तेव्हाही उपलब्ध होती. ती जड होती, बाहेरचे जग पूर्ण बंद करत आणि घालणाऱ्याला स्वतःचा हातही दिसत नसे. केव्हमध्ये शेजारी उभा असलेला सहकारी दिसे आणि ‘हे बघ’ म्हणून बोट दाखवता येई. आणखी एक फायदा चटकन लक्षात येत नाही. टोपड्यात मान वळवली की संगणकाला नवे चित्र काढून द्यावे लागते. त्याला उशीर झाला की डोके गरगरते. केव्हमध्ये बाजूच्या भिंतीवरचे चित्र आधीच तयार असल्याने नुसती मान वळवल्यावर हा उशीर फारसा जाणवत नसे. उणीवही उघड होती. चित्र एकाच माणसाच्या डोळ्यांच्या हिशेबाने काढले जाई, त्यामुळे बाकीच्यांना ते किंचित तिरपे दिसे. खर्चही असा होता की मोठ्या संस्थांनाच परवडावा. तरीही पुढे केव्हची व्यापारी विक्री सुरू झाली आणि मोटार कंपन्यांपासून तेलसंशोधकांपर्यंत तिचा वापर पसरला.

खोल्या तयार झाल्यावर त्या एकमेकींना जोडण्याचा प्रश्न आला. १९९५ मध्ये सॅन दिएगोतील महासंगणन परिषदेसाठी ‘आय-वे’ या नावाने देशभरातील संगणककेंद्रे वेगवान जाळ्याने जोडली गेली. त्यात डीफँटी पुढाकार घेणाऱ्यांपैकी होते. याच प्रयत्नांतून शिकागो हे देशोदेशींच्या संशोधन-जाळ्यांना जोडणारे ठिकाण बनले. मला स्वतःला मात्र या काळातले ‘जिओवॉल’ हे त्रिमितीय चित्र दाखवणारे साधन अधिक मोलाचे वाटते. बाजारात मिळणारे दोन प्रोजेक्टर, प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र पोहोचवणाऱ्या ध्रुवीकरणाच्या काचा, चंदेरी पडदा आणि एक साधा संगणक एवढ्यावर ते चाले, आणि भूशास्त्राच्या वर्गात मुलांना भूकवचाखालचे भूकंपबिंदू किती खोल आहेत ते दाखवता येई. प्रसिद्धी केव्हला मिळाली. सामान्य महाविद्यालयांच्या वर्गांत पोहोचले ते जिओवॉल.

२०१२ मध्ये ‘केव्ह-२’ उभी राहिली. यात प्रोजेक्टर नाहीत. सुमारे २४ फूट व्यासाच्या वर्तुळात ७२ एलसीडी पडदे, चार-चारच्या अठरा उभ्या रांगांत, सुमारे ३२० अंशांत लावलेले. उरलेल्या फटीतून आत जायचे. तिच्या उपयोगाचे चांगले उदाहरण अंटार्क्टिकातले आहे. तिथल्या बॉनी सरोवरावर बारमाही बर्फाचे जाड झाकण असते. २००८ आणि २००९ मध्ये ‘एन्ड्युरन्स’ या यंत्रमानवाने बर्फाखाली फिरून ध्वनिलहरींनी तळ मोजला आणि पाण्याच्या रसायनाच्या नोंदी घेतल्या. केव्ह-२ मध्ये संशोधकांना या तळावरून, प्रत्यक्षात जाता येणार नाही अशा जागी, हिंडता आले. शंकास्पद मोजमापे तक्त्यात दडून राहतात, पण तळाच्या पृष्ठभागावर खड्ड्यासारखी किंवा सुळक्यासारखी उठून दिसली की ‘हे खरे की यंत्राची चूक’ हा वाद तिथल्या तिथे घालता येतो.

पुढच्या काळात डोक्यावरची टोपडी स्वस्त आणि हलकी झाली, त्यामुळे एकट्याने बघण्यासाठी अशा खोलीची गरज उरलेली नाही. ईव्हीएलचा भर आता बऱ्याच जणांनी मिळून बघण्यावर आहे. तिच्या ‘सेज’ या प्रणालीने अनेक जण आपापल्या लॅपटॉपवरून एकाच मोठ्या भिंतीवर नकाशे, आलेख, चलचित्रे टाकू शकतात आणि सरकवू शकतात. ‘सेज-२’ या आवृत्तीला साधा ब्राउझर पुरतो. डीफँटी पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेत गेले. शिकागोत अँड्र्यू जॉन्सन, जेसन ली आणि इतरांनी काम पुढे नेले. ली नंतर हवाईला गेले. इथून बाहेर पडलेले विद्यार्थी चित्रपट, खेळनिर्मिती, वैद्यकीय चित्रण आणि संशोधन या सगळ्यांत पसरलेले आहेत. त्यांपैकी काहींची पदवी ललित कलेची आहे, तर काहींची संगणकशास्त्राची.