मेंढ्या हाकणारं कुत्रं म्हणजे अर्धवट शिकारी

ड्रोनवरून काढलेले ते व्हिडिओ तुम्हीपण बघितले असतील. हिरव्यागार डोंगरावर शेकडो पांढरे ठिपके सरकतायत, फुटतायत, परत एक होतायत आणि मागे एकच काळा ठिपका इकडून तिकडे पळतोय. खाली कमेंट्स ठरलेल्या, "काय ट्रेनिंग दिलंय राव!" आता ट्रेनिंग असतंच, नाही असं नाही, पण मेंढ्या गोळा करायला त्या कुत्र्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते त्याला जन्मतःच येतं. शिकवावं लागतं ते थांबायला.

लांडग्याची शिकार टप्प्याटप्प्याने होते. आधी सावज दिसतं, मग नजर रोखायची, दबकत जवळ जायचं, पाठलाग, चावा, ठार मारणं आणि मग खाणं. रेमंड कॉपिंजर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने हे नीट मांडलं की कुत्र्यांच्या वेगवेगळ्या जातींमध्ये आपण ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी कापली आहे. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉली या जातीमध्ये नजर, दबकणं आणि पाठलाग हे तीन टप्पे वाढवले आणि चाव्यापासून पुढचं दाबून टाकलं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून हे केलं. तिथल्याच नॉर्थम्बरलँडमध्ये १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे 'ओल्ड हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला, भुंकणं नाही, अंगावर धावणं नाही, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते.

आपल्याकडच्या धनगरांचं कुत्रं हे नाही हं. ते मेंढरं हाकत नाही, ती धनगर स्वतः काठी आणि हाळ्यांनी हाकतो. कुत्रं असतं ते लांडग्यासाठी, रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, आसपास. अशा राखणदार कुत्र्यात मेंढीच्या बाबतीत शिकारीची साखळी सुरूच व्हायला नको असते, म्हणून पिल्लू लहानपणीच, पहिल्या तीन-चार महिन्यांत, मेंढरांमध्ये वाढलं पाहिजे, म्हणजे ती त्याला आपली वाटतात. आणि लोक म्हणतात तसं वीसनखी, म्हणजे वीस नखांचं, कुत्रं जास्त शूर वगैरे काही नसतं. मागच्या पायाला जास्तीचं नख येणं हा पाय घडवणाऱ्या जनुकांच्या कामातला किरकोळ बदल आहे, त्याचा धाडसाशी संबंध नाही, तरी लोक अजून पिल्लाचे पाय उचलून नखं मोजतात!

आता माझा आवडता भाग. कुत्रं एक आणि मेंढ्या शंभर, मग जमतं कसं? तर अर्धं काम मेंढ्याच करतात. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये 'स्वार्थी कळपा'ची कल्पना मांडली. धोका दिसला की प्रत्येक प्राणी दुसऱ्यांच्या मधे घुसायला बघतो, म्हणजे कडेला राहून आपण पहिले पकडले जायला नको. एका छत्रीखाली पाच जण उभे असले की प्रत्येक जण मधे सरकतो, तसंच. कळपाची एकी वगैरे काही नाही, सगळ्यांचा स्वार्थ एकाच दिशेला. २०१२ मध्ये अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी ४६ मेंढ्यांच्या आणि एका केल्पी (मेंढ्या हाकणारी ऑस्ट्रेलियन जात) कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून मोजलं, तर कुत्रं जवळ येताच मेंढ्या खरंच कळपाच्या मध्याकडे सरकत होत्या.

मग २०१४ मध्ये डॅनियल स्ट्रॉम्बोम, किंग वगैरे मंडळींनी कॉम्प्युटरवर एक कुत्रं बनवलं आणि त्याला फक्त दोन नियम दिले. कळप विखुरलेला असेल तर कळपाच्या मध्यापासून सगळ्यात लांबच्या मेंढीच्या मागे जा आणि तिला मध्याकडे ढकल. कळप गोळा झालेला असेल तर पूर्ण कळपाच्या मागे जाऊन मुक्कामाच्या दिशेने ढकल. बस.

विखुरलेला म्हणजे किती, याचंही सूत्र आहे. मेंढ्यांची संख्या घ्या, तिचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा आणि दोन मेंढ्या एकमेकींपासून किमान जितकं अंतर ठेवतात त्याने गुणा. ६४ मेंढ्यांचं घनमूळ ४, वर्ग १६, अंतर २ मीटर धरलं तर ३२ मीटर. कळपाच्या मध्यापासून एखादी मेंढी ३२ मीटरच्या बाहेर गेली की पहिला नियम, सगळ्या आत असतील तर दुसरा. आणि ढकलताना कुत्र्याने मध्यापासून किती मागे राहायचं तर ६४ चं वर्गमूळ ८, गुणिले २, म्हणजे १६ मीटर. (गणिताचा कंटाळा असेल तर सोडून द्या, पण मला हे फार भारी वाटतं.)

खरी गंमत पुढे आहे. खरं कुत्रं कळपाच्या मागे सतत डावीउजवीकडे फिरत राहतं, ही त्याची हुशारी असं सगळे समजायचे. कॉम्प्युटरमधल्या कुत्र्याला असं पळ म्हणून एका ओळीतही सांगितलेलं नव्हतं, तरी ते तसंच फिरायला लागलं! एका कडेची मेंढी मागे राहिली की कुत्रं तिकडे जातं, ती आत गेली की कळपाचा मध्य थोडा हललेला असतो, मग दुसरी बाजू सुटते, परत तिकडे. खऱ्या कुत्र्याला मध्यबिंदू काही दिसत नाही, त्याला समोर नुसती लोकर दिसते, आणि संशोधकांचा अंदाज असा की ते बहुतेक लोकरीतल्या फटी बघतं, फट वाढली की गोळा कर, नसली की ढकल.

मग माणूस काय शिकवतो? पिल्लू आठ-दहा महिन्यांचं, मेंढीला वळसा घालण्याइतकं वेगवान होईपर्यंत त्याला कळपात सोडत नाहीत, तोवर फक्त बोलावल्यावर येणं आणि 'लाय डाउन', म्हणजे जिथे असशील तिथे बस. मग छोट्या रिंगणात चार शांत मेंढ्या, काही जण तर बदकं वापरतात. मालक एका बाजूला उभा राहिला की पिल्लू आपोआप मेंढ्यांच्या पलीकडे जातं आणि त्यांना मालकाकडे आणतं, मालक सरकला की तेही उलट बाजूने सरकतं. ते उजवीकडे वळून घड्याळाच्या उलट दिशेने निघालं की 'अवे टू मी' म्हणायचं, डावीकडून घड्याळाच्या दिशेने निघालं की 'कम बाय', म्हणजे जे ते आधीच करतंय त्याला नाव द्यायचं. सगळ्यात अवघड काय असेल तर मेंढ्या मालकापासून लांब नेणं, कारण ते त्याच्या स्वभावाच्या पूर्ण उलट आहे, त्यात महिने जातात.

आता बॉर्डर कॉलीला एका यादीत पहिला नंबर आहे म्हणून 'जगातलं सगळ्यात हुशार कुत्रं' म्हणतात, त्याबद्दल. ती यादी १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून बनवली होती, म्हणजे आज्ञा पटकन कोण ऐकतं याची यादी ती, हुशारीची नाही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात, त्यात १८ हजारांवर कुत्र्यांची माहिती होती, दोन कुत्र्यांच्या वागण्यातला फरक जातीमुळे साधारण ९ टक्केच समजतो असं निघालं. पण ती यादी वाचून पुण्या-मुंबईत लोक टू बीएचकेमध्ये बॉर्डर कॉली आणतात आणि मग ते पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकांवर नजर रोखून दबा धरतं, सोसायटीतल्या पळणाऱ्या पोरांना घेरतं. मालक म्हणतात "खेळतोय तो". मेंढ्या नसल्या म्हणून साखळी थांबत नाही, जे हलेल त्याच्यावर ती सुरू होते. आणून ठेवलंच असेल तर पाठलाग सुरू झाल्यावर ओरडून उपयोग नाही, तेव्हा त्याला काही ऐकू जात नाही. नजर रोखली की त्याच क्षणी 'लाय डाउन', आणि ते पक्कं होईपर्यंत लांब दोरी सोडायची नाही.