चित्रपटाधारित राइड आणि मूळनिष्ठेचा वाद

चित्रपटाधारित राइड : एखाद्या चित्रपटातील कथा, स्थळ किंवा पात्रे आधाराला घेऊन मनोरंजन उद्यानात उभारलेला, प्रेक्षकाला वाहनात अथवा हलत्या आसनावर बसवून नेणारा खेळ. ‘सफर’, ‘सैर’ असे मराठी पर्याय आहेत. पण बोलण्यात ‘राइड’ हाच शब्द रूढ असल्याने येथे तोच ठेवला आहे. अशी राइड मूळ चित्रपटाला साजेशी आहे की नाही, यावर चाहत्यांत वाद होतात. त्या वादातील ‘मूळ’ या कल्पनेचा विचार या नोंदीत मुख्यतः केला आहे.

नाशिकमध्ये नवरात्रात कालिका देवीची यात्रा भरते. तेथील आकाशपाळणे, ब्रेकडान्स यांसारख्या खेळांच्या फळ्यांवर नटनट्यांची चित्रे रंगवलेली असली, तरी चित्रपट त्या फळीपुरताच राहतो. पाळणा कोणतीही कथा सांगत नाही, म्हणून हे खेळ या नोंदीत येत नाहीत. कथेच्या जागेत शरीराने शिरणे मात्र नाशिककरांना परके नाही. पंचवटीत सीता गुंफेच्या अरुंद वाटेतून वाकून, प्रसंगी बसून पुढे सरकणारा भाविक रामायणातील एका जागी पोचत असतो. तेथे श्रद्धा आहे, राइडमध्ये करमणूक. दोहोंना एका पंक्तीत बसवता येणार नाही. तरीही ऐकलेली कथा आणि आत जाऊन अनुभवलेली कथा यांतले अंतर या उदाहरणावरून चटकन ध्यानात येते.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. बरेच लेखक तो ‘हेल्स टूर्स’पासून धरतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी रेल्वेच्या डब्यासारखे दालन तयार केले आणि त्याच्या पुढच्या टोकाला, धावत्या गाडीच्या तोंडाशी बसून टिपलेली दृश्ये दाखवली. डबा डोलत असे, चाकांचा खडखडाट ऐकू येत असे. जुने संदर्भग्रंथ हा खेळ १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात सुरू झाल्याचे सांगतात. पुढील संशोधनाचा कल मात्र तो १९०५ मध्ये कॅन्सस सिटीच्या इलेक्ट्रिक पार्कमध्ये प्रथम लोकांपुढे आला असे मानण्याकडे आहे, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. परंतु हेल यांच्या डब्यात चित्रपट होता, चित्रपटाची कथा नव्हती, हे येथे विसरता येत नाही.

कथेवर बेतलेल्या राइडचा माग काढायचा तर आणखी मागे जावे लागते. लंडनमधील उपकरणकार रॉबर्ट पॉल यांनी २४ ऑक्टोबर १८९५ रोजी एका पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एच. जी. वेल्स यांच्या कालयंत्राच्या कादंबरीवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. डोलणारा मंच, अंगावर येणारा वारा आणि समोर पडद्यावर बदलणारी दृश्ये यांच्या साहाय्याने प्रेक्षकाला काळातून प्रवास केल्याचा भास घडवायचा, अशी ती योजना होती. पॅरिसमध्ये ल्यूमिएर बंधूंचा २८ डिसेंबर १८९५ चा चलचित्रांचा सुप्रसिद्ध खेळ झाला तो यानंतर दोन महिन्यांनी. पॉल यांची योजना प्रत्यक्षात उतरली नाही. तरी चित्रपटगृह रुजण्याआधीच राइडची कल्पना कागदावर आली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तिसरा दावा १९०१ च्या बफेलो येथील प्रदर्शनाचा. फ्रेडरिक थॉम्पसन यांनी तेथे चंद्रप्रवासाचा खेळ मांडला. प्रेक्षक पंख हलवणाऱ्या ‘लूना’ नावाच्या यानात बसत, चंद्रावर ‘उतरत’ आणि तेथील रहिवाशांकडून हिरव्या चीजचे तुकडे घेत. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांचा चंद्रप्रवासावरील मूकपट आला. त्यामागे ज्यूल व्हर्न व वेल्स यांच्या कादंबऱ्या असल्याचे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक बफेलोच्या खेळाचाही प्रभाव सुचवतात. तो मान्य केला, तर राइडवरून चित्रपट हा प्रवास चित्रपटावरून राइड या प्रवासाच्याही आधीचा ठरतो. समकालीन पुरावा तुटपुंजा असल्याने हे मत शक्यतेच्या पातळीवरच ठेवणे बरे.

तंत्र : अंधाऱ्या दालनांतून रुळांवर धावणारी गाडी आणि सिम्युलेटर हे दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिल्यात प्रसंग पुतळ्यांनी व देखाव्यांनी मांडलेले असतात. दुसऱ्यात प्रेक्षक जागचा हलत नाही. सहा दट्ट्यांवर पेललेला मंच पडद्यावरील दृश्याच्या तालावर कलतो. या रचनेला अभियंते डी. स्ट्युअर्ट यांच्या १९६५ च्या निबंधावरून ‘स्ट्युअर्ट मंच’ म्हणतात. मात्र टायरांच्या चाचणीसाठी एरिक गॉफ यांनी १९५० च्या दशकातच सहा पायांचे यंत्र बनवले होते, म्हणून ‘गॉफ-स्ट्युअर्ट मंच’ हे नाव अधिक न्याय्य आहे. मंच मागे कलवला की शरीराचा भार पाठीवर येतो. पडद्यावरचे क्षितिज सपाटच दिसत राहिल्याने मेंदू त्या भाराचा अर्थ ‘वेग वाढला’ असा लावतो. उड्डाण, पाठलाग, कडेलोट हे प्रसंग या यंत्राला सहज साधतात. दोन पात्रांमधले साधे बोलणे त्याला पेलत नाही. साजेसेपणाचे बरेच वाद या मर्यादेपाशी सुरू होतात.

मूळनिष्ठेचा वाद : कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड १९५५ मध्ये उघडले, तेव्हा हिमगौरीच्या राइडमध्ये हिमगौरीच दिसत नसे. गाडीत बसलेला प्रेक्षक म्हणजेच हिमगौरी, अशी रचनाकारांची योजना होती. बहुतेकांना ती कळली नाही आणि ‘हिमगौरी कुठे आहे?’ ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. अखेर १९८३ च्या फेररचनेत तिची आकृती आणली गेली. या तक्रारीला चाहत्यांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रपट बाहेरून पाहायचा असतो, राइड आतून. ही अदलाबदल प्रेक्षकाला कोणी सांगितलीच नव्हती.

डिस्नीलँडमधलीच, १९५५ चीच श्री. टोड या बेडूक-पात्राची राइड याउलट आहे. तिच्या शेवटी प्रेक्षक थेट नरकात पोचतो. हा प्रसंग केनेथ ग्रॅहम यांच्या मूळ कादंबरीत नाही, तिच्यावरच्या १९४९ च्या चित्रपटातही नाही. तरीही फ्लोरिडातील तिची आवृत्ती १९९८ मध्ये बंद होऊ लागली तेव्हा चाहत्यांनी उद्यानात जाऊन निषेध नोंदवला. मुळाशी फारकत घेतलेली राइडच त्यांच्या दृष्टीने जपण्याजोगे मूळ बनली होती. जुरासिक पार्कच्या १९९६ च्या राइडबाबत असाच घोळ होतो. नदीतून जाणारी ती राइड ‘चित्रपटात नाही’ म्हणून खोडून काढली जाते. परंतु मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या कादंबरीत नदीतला तराफ्याचा प्रवास आहे. तो गाळला गेला तो १९९३ च्या चित्रपटात.

१९४६ च्या एका चित्रपटातील वर्णविषयक चित्रणावर दीर्घकाळ टीका होत होती. त्या चित्रपटावर बेतलेली १९८९ ची, उंचावरून पाण्यात कोसळणारी राइड बदलून २०२४ मध्ये तिच्या जागी ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) या चित्रपटातील टियाना या नायिकेची राइड आणली गेली. बदलाचे समर्थन करणाऱ्यांतही नव्या राइडच्या आशयाबद्दल एकमत नाही. टियानाच्या चित्रपटातला खलनायक गाळून, कथेनंतरचा काळ घेऊन वादकांचा शोध रंगवणे हे काहींना पुढचा अध्याय वाटते, तर काहींना चित्रपटातला ताणच निसटल्यासारखा वाटतो. दुसरे मत अधिक पटते, कारण उंचावरून कोसळण्याला कथेतले काही कारण असावे लागते.

भारत व नाशिक : भारतात असे खेळ थोडे आहेत. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वर सिम्युलेटर राइड आली. १९८७ च्या त्या चित्रपटाचा गाभा अदृश्य होण्यात आणि अरुणच्या घरातल्या अनाथ मुलांच्या गोतावळ्यात आहे. नायक दिसतो तो केवळ लाल प्रकाशात. हलत्या आसनाला वेग दाखवता येतो, अदृश्यता दाखवणे त्याहून अवघड. म्हणून राइडमध्ये मोगँबो किती वेळ दिसतो यापेक्षा, न दिसणाऱ्या माणसाशेजारी बसल्याचे वाटते का, हा प्रश्न तिच्या मूल्यमापनाला जास्त उपयोगी आहे.

नाशिकला हा विषय दादासाहेब फाळके यांच्यामुळे जवळचा आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपले काम नाशिकला आणले, ‘लंकादहन’ (१९१७) येथेच केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही येथेच झाले. मेलिएस यांच्याप्रमाणे तेही जादूगार होते. ‘केळफा’ हे आपल्याच नावाची अक्षरे उलटवून घेतलेले नाव लावून ते प्रयोग करीत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या चित्रपटावर राइड बेतायची म्हटली, तर ‘मूळ कोणते’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले व शेवटचे तेवढे उरले आहे. तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, पण त्याचेही थोडे अंशच शिल्लक आहेत.

त्या मानाने ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराच टिकला आहे. फाळक्यांची कन्या मंदाकिनी त्यात कृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभी आधी ती मुलगी म्हणून निरनिराळे भाव करून दाखवते आणि मगच कृष्णाच्या वेषात येते. यमुनेच्या डोहातली झुंज आणि काठावर कासावीस झालेले गोकुळ आळीपाळीने दाखवले आहेत. सिम्युलेटर प्रेक्षकाला सहज डोहात उतरवेल. मात्र फाळक्यांनी काठावरच्या माणसांना तेवढीच जागा दिली आहे, आणि त्यांच्यात उभे राहून पाण्याकडे बघत राहणे हाही त्या चित्रपटाचा निम्मा भाग आहे.