अर्धांगवायू, मलावरोध आणि बिंदू-मसाज: दोन हजार वर्षांची वाट

पक्षाघाताचा रुग्ण घरी सांभाळलेल्या कुणालाही विचारा. लुळ्या पडलेल्या हातापायाइतकीच रोज सकाळची काळजी असते ती पोट साफ होण्याची. सततचे पडून राहणे, गिळायला त्रास म्हणून पाणी कमी जाणे, औषधे, आणि चारचौघांत बेडपॅन घ्यायचा संकोच. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१७ साली निघालेला निष्कर्ष असा, की सुमारे ४८ टक्के रुग्णांना बद्धकोष्ठता होते. कुंथले की रक्तदाब चढतो, त्यामुळे हे दुखणे किरकोळ नाही.

चीनमधल्या रुग्णालयांत यावर पोटावरचे आणि पायावरचे ठरावीक बिंदू चोळतात, दाबतात. मूळ फार जुने. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथाने मोठ्या आतड्याचे नाते नडगीजवळच्या शांगजूशू बिंदूशी जोडले. पोटावरचा मुख्य बिंदू तिआनशू. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांवर तो सापडतो, पण बोटे रुग्णाचीच धरायची, मालिश करणाऱ्याची नव्हे. आयुर्वेदातले अंगुळाचे मापही असेच ज्याचे त्याच्या बोटांचे. नावातही गंमतीचे साम्य आहे: पक्षाघाताला चिनी परंपरा ‘झोंगफेंग’ म्हणते, म्हणजे वाऱ्याचा तडाखा, आणि आपण म्हणतो अर्धांगवायू.

ही परंपरा अखंड मानाने चालली असे मात्र नाही. १८२२ साली चीनच्या सम्राटाने राजवैद्यकातून याच बिंदूंवर सुया टोचण्याची विद्या, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, हद्दपार केली. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि चेंगडूत पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये निघाली, तेव्हा ती पुन्हा शिक्षणात आली. १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतर पोट फुगून दुखू लागले, तेव्हा कोपरावर आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या. त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिले आणि पश्चिमेचे लक्ष इकडे वळले.

मसाजला सुई लागत नाही. परिचारिकेला तो शिकवता येतो, घरच्यांनाही. म्हणूनच या विषयावरचे बरेचसे संशोधन शुश्रूषा विभागांतून आले. प्रयोग लहान, आणि मसाजच्या जोडीला कानावरचे बिंदू दाबण्यासाठी चिकटवायच्या बिया, बेंबीवरचा लेप, शेक. मग गुण नेमका कशाने आला, हे कसे ठरवायचे? मला हीच मोठी उणीव वाटते.

मोजमापे मात्र सुधारली. शौचाच्या स्वरूपाचे सात प्रकार सांगणारी ब्रिस्टल पट्टी १९९७ साली आली. २०१६ मध्ये चीनच्या १५ रुग्णालयांतल्या जुनाट बद्धकोष्ठतेच्या १,०७५ रुग्णांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तिआनशू, शांगजूशू यांसारख्या बिंदूंवर विजेच्या सुया लावलेल्यांपैकी ३१.३ टक्के जणांना आठवड्याला तीन किंवा जास्त वेळा पूर्ण शौच होऊ लागले. तुलनेसाठी नुसता देखावा म्हणून दिलेल्या खोट्या उपचाराच्या गटात हे प्रमाण १२.१ टक्के होते. पण तिथे सुया होत्या, हात नव्हते, आणि ते रुग्णही पक्षाघाताचे नव्हते. उलट ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराच्या) रुग्णांवर केलेल्या पोटाच्या मसाजचा निकाल २०१८ साली आला, त्यात मुख्य मोजमापावर ठोस फरक दिसला नाही.

केवळ पक्षाघाताचे रुग्ण आणि केवळ हाताचा मसाज घेऊन तेवढ्याच ताकदीचा प्रयोग हवा. मसाज खरा की खोटा हे रुग्णाच्या पोटाला लगेच कळते, आणि संशोधकांची खरी कसोटी तिथेच आहे.