आडव्या अक्षावर सेकंद आहेत एवढ्यावरून ते टाइम डोमेन ठरत नाही

तरंगत्या पवनचक्कीचा एक आलेख समोर येतो. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर प्लॅटफॉर्म किती अंश कलला ते, आणि मध्ये वेडीवाकडी नागमोडी रेष. बघणारा लगेच म्हणतो, हे टाइम डोमेन सिम्युलेशन, म्हणजे क्षणाक्षणाने पुढे सरकत केलेला हिशेब. तसं असेलच असं नाही. फ्रिक्वेन्सी डोमेनची, म्हणजे एकेका लाटेसाठी वेगळी काढलेली, उत्तरं घ्यायची, प्रत्येक लाटेला वाटेल ती फेज (चढउताराची सुरुवात कुठून ते) द्यायची आणि बेरीज करायची. हुबेहूब असाच आलेख निघतो. फरक अक्षात नाहीच. प्लॅटफॉर्म या क्षणी कुठे आहे, किती वेगात आहे हे पाहून दर पायरीला बल नव्याने काढलं जातं की नाही, ते विचारायचं.

फ्रिक्वेन्सी डोमेन समुद्राला साध्या साइन लाटांची बेरीज मानतं आणि एकेका लाटेला प्लॅटफॉर्म किती हलेल ते काढतं. हालचाल भागिले लाटेचा आयाम (मध्यापासून शिखरापर्यंतची उंची), या गुणोत्तराला आरएओ म्हणतात. समजा १० सेकंदांच्या लाटेला सरकण्याचा आरएओ ०.५ आला. मग २ मीटर आयामाच्या लाटेत हालचाल १ मीटर, ४ मीटरच्या लाटेत बरोबर २ मीटर. जॉनस्वॅपसारख्या लाटांच्या स्पेक्ट्रमला, म्हणजे कोणत्या वारंवारतेच्या लाटांत किती ऊर्जा आहे ते सांगणाऱ्या ठरावीक सूत्राला, आरएओच्या वर्गाने गुणलं की हालचालीचा स्पेक्ट्रम तयार. (वर्ग विसरण्याची चूक बहुतेकांकडून एकदा तरी होतेच.) खांबाचा व्यास, खोली बदलून शंभर आकार चाळायचे असतील तर मी तरी आधी इथेच जाईन.

अट एकच: लाट दुप्पट तर परिणाम दुप्पट. पाण्याचा ड्रॅग, म्हणजे हालचालीला होणारा विरोध, ती पाळत नाही, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. नांगराची साखळीही पाळत नाही. सैल असते तोवर मऊ, ताणली की एकदम कडक. पण खरी गंमत वर, टर्बाइनच्या कंट्रोलरमध्ये आहे.

अमेरिकेच्या एनआरईएल प्रयोगशाळेची ५ मेगावॅटची संदर्भ टर्बाइन घ्या. रोटर १२६ मीटर, आणि ती १२० मीटर पाण्यात बुडालेल्या स्पारवर, म्हणजे उभ्या तरंगत्या नळकांड्यावर, उभी. वारा सेकंदाला ११.४ मीटरच्या वर गेला की कंट्रोलर पाती वळवून वीज ५ मेगावॅटवर धरून ठेवतो. परिणामी वारा वाढला की रोटरवरचा रेटा घटतो. आता वारा जिकडून येतो तिकडे मनोरा झुकतोय असं धरा. रोटरला वारा जास्त लागतो, कंट्रोलर पाती वळवतो, मागे ढकलणारा रेटा कमी होतो, मनोरा आणखी पुढे जातो. परतताना नेमकं उलट. झोपाळ्याला कुणी अचूक वेळी झोका देत राहावं तसं हे चालतं, आणि झुकणं वाढतच जातं. याला ऋण अवमंदन म्हणतात. यावर उपाय म्हणून या स्पारसाठी कंट्रोलरची वारंवारता ०.६ वरून ०.२ रेडियन प्रति सेकंदावर आणली, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या झुकण्याच्या वारंवारतेखाली. (पात्याचं वळणंही ‘पिच’ आणि प्लॅटफॉर्मचं झुकणंही ‘पिच’. नावं ठेवणाऱ्यांनी इथे वाचकाची दया केलेली नाही.)

एका ठरावीक वाऱ्याभोवती सगळं रेषीय करून हा कंट्रोलर फ्रिक्वेन्सी डोमेनमध्येही बसवता येतो. पण वारा ११.४ च्या अलीकडे-पलीकडे हेलकावू लागला की ते चित्र कामाचं राहत नाही. तिथे टाइम डोमेनच हवं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. पायरी ०.०१२५ सेकंदांची धरली तर एका तासाला २,८८,००० पायऱ्या. तोही एकच तास पुरत नाही. लाटांच्या फेज ज्या आकड्यापासून ठरतात तो, म्हणजे सीड, बदललं की सर्वांत मोठा झुकाव बदलतो, म्हणून त्याच हवामानाला अनेक सीड चालवावी लागतात.

तरीही टाइम डोमेन स्वयंपूर्ण नाही. ओपनफास्टसारखा टाइम डोमेन प्रोग्राम हलत्या प्लॅटफॉर्मने पाण्यात उठवलेल्या लाटांचा परिणाम स्वतः सोडवत बसत नाही. वॅमिट किंवा निमोसारख्या फ्रिक्वेन्सी डोमेन प्रोग्रामची कोष्टकं तो वाचतो आणि कमिन्सच्या १९६२ च्या समीकरणाने त्यांचं ‘स्मृती’त रूपांतर करतो: काही सेकंदांपूर्वीच्या हालचालीचं पाणी अजून प्लॅटफॉर्मला ढकलत असतं, त्याचा हिशेब.

कोष्टकांवरचं हे अवलंबन सर्जमध्ये, म्हणजे पुढे-मागे सरकण्यात, फार जाणवतं. लाटांची ऊर्जा साधारण ५ ते २० सेकंदांत असते, तर या स्पारचा सर्जचा आवर्तकाल सुमारे १२५ सेकंद. वरवर दोघांची गाठच पडायला नको. पण १० आणि ११ सेकंदांच्या दोन लाटा एकत्र आल्या की त्यांच्या जोडीचा चढउतार ११० सेकंदांचा होतो, आणि प्रत्येक चढाबरोबर एक मंद ढकल मिळते. ही ढकल दुसऱ्या क्रमाची (लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढणारी), आकाराने लहान, पण अनुनादाजवळची. तिचं कोष्टकही फ्रिक्वेन्सी डोमेनमध्येच बनतं.

इतकं करूनही डीपसीविंड या सेमी-सबमर्सिबलच्या (अर्धवट बुडालेल्या खांबांवर तरंगणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या) १/५० प्रतिकृतीच्या टाकीतल्या चाचणीशी, असे प्रोग्राम पडताळणाऱ्या ओसी५ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तुलना केली, तेव्हा टाइम डोमेन प्रोग्रामांची उत्तरं याच मंद हालचालींत मोजमापापेक्षा कमी निघाली. पुढच्या ओसी६ प्रकल्पाचा पहिला टप्पा त्या तफावतीच्या शोधासाठीच होता, आणि संशय होता तो दुसऱ्या क्रमाच्या बलांवर आणि ड्रॅगवर.