हलवला की हटवला?

फरक एका अक्षराचा, ‘ल’चा ‘ट’ होतो. पण गोऱ्या साहेबाच्या काळातल्या पुतळ्यांवरून वाद पेटला की बातम्यांचे मथळे हे दोन्ही शब्द खुशाल एकमेकांच्या जागी टाकतात आणि नाशिकच्या रविवार कारंजावर चहा पिता पिता आपण ‘इतिहास पुसला’ म्हणून भांडत बसतो.

हलवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या की घरातलं वडीलधारं माणूस गणपतीची मूर्ती पाटावर जराशी हलवतं. बोटभरच. शाडू तीच, रंग तोच; देवपण तेवढं निघून जातं. चौकातल्या पुतळ्याचं तेच आहे. त्याचा मान चौथऱ्यात असतो, धातूत नाही.

मुंबईचा काळा घोडा घ्या. अल्बर्ट ससूननं 1879 मध्ये दिलेला तो घोड्यावरचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, 1965 मध्ये तिथून उचलला गेला. मोडला नाही. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. तिकडे गेलात तर जवळून बघा. गंमत म्हणजे राजा गेला तरी चौकाचं नाव घोड्याकडेच राहिलं, आणि 2017 मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, या वेळी स्वाराविना.

हटवणं वेगळं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या विद्यापीठानं ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा 9 एप्रिल 2015 ला क्रेननं उतरवला. सगळं रीतसर, ठराव करून. पण पुतळा गेला गोदामात. म्हणजे क्रेन की दोरखंड, यावरून काही ठरत नाही. ‘आता तो बघायला कुठे जायचं?’ या प्रश्नाला पत्ता मिळाला तर हलवला, नाही तर हटवला. माझी कसोटी एवढीच.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा एडवर्ड कोल्स्टन मात्र दोन्हींत बसतो. गुलामांच्या व्यापारात पैसा केलेला हा माणूस. 1895 मध्ये बसवलेल्या पुतळ्याच्या पाटीवर त्या व्यापाराचा शब्दही नव्हता. 7 जून 2020 ला लोकांनी दोर लावून तो पाडला आणि फरपटत नेऊन बंदरात ढकलला. चारच दिवसांत पालिकेनं तो पाण्यातून काढला. नंतर शहराच्या संग्रहालयात ठेवला तो आडवा, अंगावरचे रंगाचे फराटे तसेच ठेवून. पाटीनं जे लपवलं ते फराट्यांनी सांगितलं. मला तरी चौथऱ्यावरच्या कोल्स्टनपेक्षा हा आडवा कोल्स्टन जास्त इतिहास सांगतो असं वाटतं.

या दोन्हींत आपण तिसरंच काही मिसळतो, ते म्हणजे नाव बदलणं. नाशिकला त्याचाच अनुभव जास्त. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरेंना पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचं नाव आता मैदानाला आहे. तरी परवा रिक्षात बसून ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ म्हणालो, तर रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. ‘गोल्फ क्लब ना दादा?’ म्हणाला आणि मीटर पाडलं.