प्रयोगशाळेतला मायक्रोवेव्ह: मिनिटं नव्हे, तापमान लिहा

आमची कार्यशाळा रबाळे एमआयडीसीत आहे. प्रयोगशाळांमधले मायक्रोवेव्ह ओव्हन, डायजेशन सिस्टिम (नमुने आम्लात तापवून विरघळवणारी यंत्रं) आणि छोटे रिअ‍ॅक्टर आम्ही दुरुस्त करतो, त्यांची पॉवर आणि लहरींची गळती तपासून देतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषध आणि रसायन कंपन्या, ठाण्यातली आणि नवी मुंबईतली कॉलेजं, वाशीच्या मसाला बाजाराचे नमुने तपासणाऱ्या लॅब हे आमचे ग्राहक. मशीन न्यायला-आणायला आलो की तुम्ही जे विचारता, त्याचं उत्तर लिफ्टची वाट बघताना धड देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "संशोधनाच्या पेपरमध्ये ७०० वॅटला तीन मिनिटं दिलंय. आम्ही तेच केलं. त्यांना जमलं, आम्हाला नाही. मशीन बिघडलंय का?" तपासून बघितलं तर मशीन बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. अपुरी असते ती कृती. आत तापमान किती झालं हे सांगितल्याशिवाय "७०० वॅट, तीन मिनिटं" म्हणजे "मध्यम आचेवर शिजेपर्यंत". ज्याचं पातेलं वेगळं, त्याची आच वेगळी.

आत नेमकं काय होतं

घरातला असो वा लॅबमधला, ओव्हन सहसा २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे आतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं करतं. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. क्षेत्र जिकडे वळेल तिकडे तो वळू पाहतो, पण शेजारच्या रेणूंच्या गर्दीत मागे पडतो. या ओढाताणीत ऊर्जा द्रवात मुरते आणि द्रव तापतो. द्रवात मीठ किंवा आम्ल असेल तर त्यातले आयनही पुढे-मागे ओढले जातात आणि आणखी उष्णता देतात.

बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, म्हणून बर्फ या लहरी फारच कमी शोषतो. फ्रीझरमधला नमुना थेट ओव्हनमध्ये ठेवलात तर कडेला जिथे थोडं पाणी सुटतं, तीच जागा सगळी ऊर्जा खाऊन टाकते. कडा उकळते आणि मधे गोळा तसाच राहतो. प्रथिनांचे नमुने असे वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत. ते रात्रभर चार अंशांवर ठेवून वितळवा.

द्रावकांच्या, म्हणजे ज्यात पदार्थ विरघळवतात त्या द्रवांच्या, बाबतीतही हाच भेद. मायक्रोवेव्हचं उष्णतेत रूपांतर करण्याची द्रावकाची क्षमता ज्या आकड्याने मोजतात त्याला लॉस टँजंट म्हणतात. तो इथिलीन ग्लायकॉलचा १.३५, इथेनॉलचा ०.९४, मिथेनॉलचा ०.६६, पाण्याचा सुमारे ०.१२, टोल्युइनचा ०.०४ आणि हेक्झेनचा ०.०२ आहे. यावरून कळेल की हेक्झेनची कुपी पाच मिनिटं फिरवूनही ती कोमटच का राहते. अशा वेळी कुपीत सिलिकॉन कार्बाइडचा तुकडा टाकतात. तो लहरी शोषून तापतो आणि भोवतालच्या द्रवाला तापवतो. (ज्वालाग्राही द्रावकं फक्त त्यासाठी बनवलेल्या रिअ‍ॅक्टरमध्येच तापवा. घरगुती ओव्हनमध्ये एकदासुद्धा नको.)

"किरणोत्सर्ग" या शब्दाची भीती

इंग्रजीतल्या इरॅडिएशनचं भाषांतर करताना विद्यार्थी प्रबंधात "किरणोत्सर्ग" लिहितात, आणि मग लॅबमधल्या मावशींना ओव्हनजवळ उभं राहायची धास्ती वाटते. ती वाटणं साहजिक आहे, कारण शब्द अणुभट्टीचा आहे. पण २.४५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या एका कणाची, ऊर्जा साधारण ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास लागतात. ही तफावत लाखांच्या पटीत आहे. वॅट वाढवले तर असे फोटॉन जास्त येतील, पण प्रत्येकाची ताकद तेवढीच राहील. ओव्हनमधून निघालेला नमुना किरणोत्सारी होत नाही आणि स्विच बंद होताच आतल्या लहरीही संपतात. जपायचं असतं ते भाजण्यापासून आणि दाराच्या गळतीपासून. दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे.

पापडाची चाचणी

आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला ही चाचणी करायला लावतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधली फिरती थाळी काढा, मधली फिरकी झाकेल अशी एखादी सपाट काचेची थाळी स्थिर ठेवा आणि तिच्यावर उडदाचे कच्चे पापड एकमेकांना लागून पसरा. ओव्हन वीस-तीस सेकंद चालवा आणि नजर पापडांवर ठेवा. ते एकदम फुलत नाहीत. आधी तीन-चार जागी पांढरे, फुगीर गोल उमटतात आणि मधला भाग तसाच पिवळा, कच्चा राहतो. काही गोलांमधलं अंतर पट्टीने मोजा. सुमारे सहा सेंटिमीटरच्या आसपास येईल, कारण लहरीची लांबी १२.२ सेंटिमीटर आहे आणि भिंतींवर आपटून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून साधारण अर्ध्या लांबीवर तापट जागा तयार करतात.

आता हे पापड बाजूला ठेवून त्या जागी तुमच्या सहा टेस्ट ट्यूब मनात आणा. दोन उकळतील, दोन कोमट राहतील आणि तुम्ही सहांची सरासरी काढाल. हा असमानपणा कमी करण्यासाठीच थाळी फिरते आणि महागड्या मशीनमध्ये लहरी ढवळणारा पंखा असतो. तरीही प्रत्येक वेळी ट्यूब त्याच जागी आणि तेवढ्याच संख्येने ठेवा. रिकाम्या जागा पाण्याच्या ट्यूबने भरा.

संशोधनात हे आलं कुठून

मॅग्नेट्रॉन, म्हणजे ओव्हनमध्ये या लहरी तयार करणारा भाग, हे रडारचं अपत्य. १९४५ मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ वितळलं आणि त्यातून स्वयंपाकाचा ओव्हन आला. रसायनशाळेत तो मागच्या दाराने शिरला. १९७५ मध्ये काही विश्लेषकांनी घरगुती ओव्हनमध्येच आम्लात नमुने विरघळवून दाखवले. १९८६ मध्ये कॅनडातल्या रिचर्ड गेडी यांच्या गटाने, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या जिगेर आणि माजेटिच यांनी, तासांच्या सेंद्रिय अभिक्रिया मिनिटांत आटोपल्याचं प्रसिद्ध केलं.

तिथून एक मोठा वाद सुरू झाला: हा वेग निव्वळ उष्णतेचा की मायक्रोवेव्हची आणखी काही वेगळी करामत? आमचं मत स्पष्ट आहे. जवळजवळ सगळीकडे ती उष्णताच असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम घ्या. ८० अंशांवर आठ तास लागणारी अभिक्रिया १६० अंशांवर नेली तर दुप्पट आठ वेळा, म्हणजे २५६ पट वेग. आठ तासांची दोन मिनिटं होतात. उघड्या चंबूत इथेनॉल ७८ अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं. बंद कुपीत दाबाखाली ते १६० पर्यंत जातं. जादू म्हणायची तर ती बंद झाकणाची.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने याची फार सुरेख परीक्षा घेतली. काचेच्या कुपीऐवजी त्यांनी सिलिकॉन कार्बाइडची कुपी वापरली. ती मायक्रोवेव्ह स्वतःच शोषून घेते, त्यामुळे आतल्या द्रवापर्यंत लहरी जवळजवळ पोहोचत नाहीत, पोहोचते ती फक्त उष्णता. तापमान सारखं ठेवलं तेव्हा बहुतेक अभिक्रियांचे निकाल दोन्ही कुप्यांत सारखेच आले. पूर्वी दिसलेले बरेच "खास परिणाम" तापमान चुकीचं मोजल्यामुळे दिसले होते. इन्फ्रारेड सेन्सर कुपीच्या बाहेरच्या भिंतीचं तापमान सांगतो. आतलं खरं तापमान फायबर ऑप्टिकची सळी द्रवात बुडवली की कळतं. साधा थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चालत्या ओव्हनमध्ये घालू नका, तो धातूचा असतो.

घन उत्प्रेरक, कार्बनचे कण, धातूची पूड अशा वस्तू भोवतालच्या द्रवापेक्षा जास्त तापू शकतात, तिथे निकाल खरोखर वेगळा येतो. पण तोही तापमानाचाच प्रश्न, फक्त कणाएवढ्या जागेतला.

हळद विरघळवताना

आमच्या ग्राहकांचं रोजचं काम म्हणाल तर ते डायजेशन. हळदीच्या पुडीत शिसं किती ते बघायचं आहे. रंग पिवळाधमक दिसावा म्हणून लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) मिसळण्याची भेसळ होते, त्यामुळे ही तपासणी महत्त्वाची. शिसं मोजणाऱ्या यंत्राला पूड देता येत नाही, सगळं स्वच्छ द्रावण करून द्यावं लागतं. अर्धा ग्रॅमपर्यंत हळद व्हेसलच्या (दाब सोसणाऱ्या बंद भांड्याच्या) टेफ्लॉनच्या आतल्या कपात घेऊन तिच्यावर दहा मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल फ्यूम हूडमध्ये (धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात) हळूहळू घालतात. लगेच फेस येतो आणि तपकिरी धूर निघू लागतो. इथे घाई नको. पंधरा-वीस मिनिटं झाकण न आवळता थांबा आणि फेस बसू द्या. हळदीतल्या सेंद्रिय पदार्थाचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो झाकणाखाली कोंडला तर दाब धाडकन चढतो.

मग व्हेसल बंद करून साधारण साडेपाच मिनिटांत १७५ अंशांवर न्यायचं आणि एकूण दहा मिनिटं होईपर्यंत तिथेच धरायचं. माती-गाळासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पद्धत अशीच आहे. मसाल्यासाठी मात्र तुमच्या मशीनच्या निर्मात्याने दिलेला प्रोग्रॅम घ्या, बऱ्याचदा त्यात तापमान याहून जास्त असतं. उघड्या बीकरमध्ये नायट्रिक आम्ल १२० अंशांच्या आसपास उकळून जातं आणि पाऱ्यासारखे उडणारे धातूही सोबत जातात. बंद व्हेसलमध्ये ते आतच राहतात. प्रत्येक फेरीत एक व्हेसल नुसत्या आम्लाचं ठेवा. शिसं हळदीतलं की तुमच्या आम्लातलं, हे तेच सांगेल. आणि व्हेसल पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका.

औषध कंपन्यांत हेच काम गोळ्यांमधलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा मोजण्यासाठी चालतं. अमेरिकन फार्माकोपियाचे (औषधांच्या दर्जाच्या मानकांचे) त्याबाबतचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि आमच्याकडची डायजेशन सिस्टिमची कामं वाढली. पॅथॉलॉजीत १९९१ पासून फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींचे छेद मायक्रोवेव्हमध्ये तापवून झाकले गेलेले अँटिजेन (तपासणीत ओळखायचे रेणू) मोकळे करतात. पेप्टाइड, नॅनोकण, सिरॅमिक, मातीतला ओलावा यांसाठीही मायक्रोवेव्ह वापरतात.

तुमच्या ओव्हनची खरी पॉवर

ही चाचणी तुम्ही स्वतः करा, आम्हाला बोलावू नका. जाड प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या आणि तापमान टिपा. पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं ठेवा. बाहेर काढून लगेच नीट ढवळा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सर्वाधिक तापमान टिपा. फरकाला ३५ ने गुणा. पाणी २४ वरून ४० वर गेलं तर १६ गुणिले ३५, म्हणजे ५६० वॅट. दारावर ८०० छापलेलं असलं तरी तुमच्या वहीत ५६० लिहा. (एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४,१९० ज्यूल लागतात. त्याला १२० सेकंदांनी भागलं की ३५ येतात.) दर तीन महिन्यांनी हे करा. आकडा घसरत असेल तर मॅग्नेट्रॉन म्हातारा होतोय.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. घरगुती ओव्हन ३० टक्क्यांवर लावला तर साध्या मॉडेलमध्ये पॉवर कमी होत नाही. आत 'टक्' असा आवाज येतो, घुंई वाढते, काही सेकंदांनी पुन्हा 'टक्', घुंई उतरते. पूर्ण पॉवर चालू, मग पूर्ण बंद. पाच मिलिलिटरच्या कुपीसाठी ही मंद आच नव्हे, ठोकून ठोकून तापवणं झालं. बारीक काम करायचं असेल तर अखंड नियंत्रण असलेलंच मशीन लागतं.

जपून

अगारबद्दल, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीबद्दल, आम्ही कळकळीने सांगतो. एका कॉलेजात लॅब असिस्टंटने मायक्रोवेव्हमधून अगारचा फ्लास्क उचलला. वरून शांत दिसत होता. हलताच सगळं उसळून त्याच्या मनगटावर आलं. द्रव उकळबिंदूच्या वर जाऊनही बुडबुडे न येता थांबू शकतो आणि धक्का लागताच एकदम उकळतो. फ्लास्क एक तृतीयांशच भरा, झाकण सैल ठेवा, थोडं थोडं तापवा, बंद झाल्यावर मिनिटभर आतच राहू द्या, आणि जाड हातमोजा घालूनच उचला.

गळतीची मान्य मर्यादा पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट आहे. दाराच्या कडेला चिकट थर साठला, बिजागरी ढिली झाली किंवा दार वाकलं की ओव्हन वापरायचा थांबवा. दाराचा स्विच तार जोडून फसवू नका. कव्हर तर अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) हजारो व्होल्टचा भार राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. रिकामा ओव्हन चालवू नका. लॅबच्या ओव्हनमध्ये डबा गरम करू नका.

आपल्याकडचा पावसाळा आणि आम्लाची वाफ मिळून आतला रंग खातात. पोपडा उडालेल्या जागी पत्रा गंजतो आणि तिथून ठिणग्या सुरू होतात. म्हणून साधा ओव्हन फ्यूम हूडमध्ये ठेवू नका आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने, मग कोरड्याने आतून पुसा.

दुरुस्तीला पाठवताना काचेची थाळी वेगळी गुंडाळा. दारावर एक चिठ्ठी चिकटवा: शेवटचं काय तापवलं होतं, काही सांडलं होतं का, कोणतं आम्ल. जिवाणूंचा किंवा पाऱ्याचा नमुना फुटला असेल तर आधी फोन करा. ती सफाई तुमच्याच लॅबमध्ये व्हायला हवी, आणि ती कशी करायची ते आमची मुलं तिथे येऊन तुमच्यासोबत ठरवतील.